गाडी बाबांची, फाईल तुमची!

हार घातलेल्या नव्या एसयूव्हीचा फोटो स्टेटसला टाकायला दहा सेकंद लागतात. ती गाडी सोलापूरच्या उन्हात, धुळीत आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून पुढची दहा वर्षं सांभाळायची कशी, त्याचा हा हिशेब.

"गाडी घेतलास म्हणे बे! पार्टी कधी?"

कट्ट्यावर हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल किंवा विचारला असेल. सात रस्त्यावर उभे राहा, होटगी रोडला जा, नाहीतर विद्यापीठाकडे जाताना पुणे रोडवर नजर टाका. क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड व्हिटारा, हॅरियर आणि अर्थातच स्कॉर्पिओ. एमएच १३ पाटीची मिडसाइज एसयूव्ही आता फक्त पुढाऱ्यांच्या दारात नसते. शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, बागायतदारांच्या, छोट्या दुकानदारांच्या दारातही ती उभी असते. कुणी उसाच्या बिलातून घेतं, कुणी रिटायरमेंटच्या पैशातून, आणि बहुतेक सगळे हप्त्यावर.

गाडीचा रंग कुठला आणि सनरूफ हवं की नको, हे घरात तुम्ही ठरवता. ब्लूटूथ जोडून देता, रील काढता. चालवायलाही बऱ्याचदा तुम्हीच असता. पण ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल प्लॅस्टिकमधून बाहेर काढलंय का कुणी? इन्शुरन्स कधी संपतो हे घरात कुणाला पाठ आहे? नसेल, तर एक पद रिकामं आहे. गाडीच्या फाईलचा सांभाळ. पगार नाही, पण घराचे काही लाख तुमच्या हातात राहतील.

वडापपासून सनरूफपर्यंत

आपल्या भागात 'मोठी गाडी' म्हणजे आधी वडाप. दहा माणसांच्या जागेत वीस बसवणारी जीप किंवा ट्रॅक्स. मग १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन हे नाव ठेवलेलं. १९९८ मध्ये सफारी आली. आणि २००२ मध्ये महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली. जीपसारखी दणकट आणि आत बसलं की कारसारखी, हे गणित लोकांना इतकं आवडलं की गावाकडं प्रत्येक मोठ्या गाडीला 'स्कॉर्पिओ' म्हणणारे आजोबा आजही भेटतात.

२०१५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा आली आणि एसयूव्ही मळ्यातून अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये शिरली. गाडी चालवायला हलकी, आतून ऐसपैस, बाहेरून रुबाबदार. रुबाब मात्र जागा खातो. स्कॉर्पिओ-एनची रुंदी १,९१७ मिलिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ सव्वासहा फूट. नवी पेठेत किंवा मधला मारुतीच्या गर्दीत ती घालून बघा. गड्ड्याच्या दिवसांत तर नकोच. शोरूममध्ये जाण्याआधी घराची गल्ली आणि गेट टेपने मोजा. हसू नका, टेस्ट ड्राइव्हइतकंच हे महत्त्वाचं आहे.

सातशेचं पेट्रोल की सव्वादोन हजारांची ट्रिप?

चला, वही काढा. आकडे उदाहरणासाठी आहेत, तिथं तुमच्या गाडीचे टाका.

समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत १५ लाख. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख ८० हजार. तीच डिझेल असेल तर १४ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. ऑन-रोड किंमत ऐकून बाबांचा चेहरा का पडतो, ते कळलं?

आता कर्ज. १२ लाख, ९ टक्के व्याज. ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण २४,९००. ७ वर्षांसाठी घेतलं तर १९,३००. सेल्समन म्हणतो, "सर, साडेपाच हजार वाचले की महिन्याला!" वाचले नाहीत. ५ वर्षांत व्याज जातं सुमारे २ लाख ९५ हजार, ७ वर्षांत सुमारे ४ लाख २२ हजार. हप्ता कमी झाला आणि गाडी सव्वा लाखाने महाग पडली.

मग रोजचा खर्च. वर्षाला १२,००० किलोमीटर धरू. लिटरला १४ चं ॲव्हरेज आणि १०५ रुपये दर धरला, तर पेट्रोल ९० हजारांचं. इन्शुरन्स ४० हजार, सर्व्हिसिंग १२ हजार, टायरसाठी बाजूला ठेवायचे १० हजार. झाले १ लाख ५२ हजार. किलोमीटरला साडेबारा रुपयांच्या वर.

आणि एक खर्च ज्याची पावती कधीच मिळत नाही: घसारा. इन्शुरन्सच्या तक्त्यात पाच वर्षांच्या उंबरठ्यावर गाडीची किंमत निम्मी धरतात. १५ लाखांचे साडेसात लाख. म्हणजे वर्षाला दीड लाख, गाडी दारात उभी असली तरी. तो मिळवला की किलोमीटर पडतो साधारण २५ रुपयांना.

आता सांगा, "चल रे, तुळजापूरला जाऊन येऊ, सातशेचं पेट्रोल लागेल." जाऊन-येऊन ९० किलोमीटर. पेट्रोल सातशेचं हे बरोबर, पण ट्रिप सव्वादोन हजारांची झाली. जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. पण सहा मित्र असाल तर नुसतं पेट्रोल सहात वाटून "हिशेब क्लिअर" म्हणू नका. उरलेले दीड हजार गाडी देणाऱ्या मित्राच्या बाबांनी भरलेले असतात.

१५०० ची रेघ

गाडी निवडताना एक आकडा फार कामाचा आहे: १५०० सीसी. थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने सक्तीचा आहे आणि २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या कारला तो वर्षाला ३,४१६ रुपये, तर १५०० च्या वर ७,८९७ रुपये. नव्या कारला तो एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो, तेव्हा हाच फरक १०,६४० आणि २४,५९६ असा दिसतो. वर जीएसटी वेगळा. क्रेटाचं पेट्रोल इंजिन १,४९७ सीसीचं का आणि कंपन्या १५०० च्या अलीकडंच का थांबतात, याचं एक कारण असल्या रेघांमध्ये आहे. हॅरियरचं डिझेल इंजिन १,९५६ सीसीचं, स्कॉर्पिओ-एनचं २,१८४ सीसीचं. ताकद जास्त, तशी पावतीही मोठी.

जीएसटीतही आधी अशीच उतरंड होती. ४ मीटरपेक्षा लांब गाड्यांवर सेस धरून ४५ ते ५० टक्के कर लागायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या सगळ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के आहे. त्यामुळे जुन्या व्हिडिओतल्या किमती बघून बजेट ठरवू नका.

इन्शुरन्समधली दुसरी गोष्ट म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम नसेल तर पहिल्या वर्षानंतर २० टक्के सवलत, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. समजा तुमचा ओन डॅमेज प्रीमियम २० हजार आणि बोनस ३५ टक्क्यांवर आलाय, म्हणजे ७ हजार वाचतात. पार्किंगमध्ये बंपर घासला, रंगाचं बिल ४ हजार. "इन्शुरन्स आहे ना!" म्हणून क्लेम टाकला की पुढच्या वर्षीचा बोनस गेला आणि शिडी परत शून्यापासून. चार हजार वाचवायला सात हजार घालवले. छोटा ओरखडा खिशातून, मोठा अपघात क्लेममधून, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ऊन, धूळ आणि जड पाणी

कंपनीचं मॅन्युअल सगळ्या देशासाठी असतं. सोलापूरचं पान आपल्याला जोडावं लागतं.

पहिलं पान उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सॅनिटायझर, लायटर, स्प्रे, पॉवर बँक ठेवू नका. बसल्या बसल्या एसी फुल्ल करण्याआधी दोन मिनिटं काचा खाली घ्या, आतली गरम हवा जाऊ दे, मग रीसर्क्युलेशन लावा. एसी "मारत नाही" म्हणून गॅस भरायला पळण्याआधी केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाच मिनिटांत निघतो. आत मावेल एवढी धूळ बसलेली सापडेल. उन्हाने बॅटरीही लवकर म्हातारी होते. त्यामुळे तीन-चार वर्षं झाली की उन्हाळ्याआधी ती तपासून घ्या.

दुसरं पान पाण्याचं. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे काय सांगायला हवं? म्हणून गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जाते. ते जड पाणी अंगावर वाळलं की पांढरे डाग पडतात आणि हळूहळू रंगात मुरतात. उन्हात धुऊ नका, धुतल्यावर मऊ कापडाने लगेच पुसून घ्या. पाइप सोडून देण्याऐवजी दोन बादल्या पुरतात. मात्र कोरडी धूळ फडक्याने खसाखसा पुसू नका. ती पॉलिश पेपरचं काम करते.

हेच जड पाणी रेडिएटरमध्ये घालणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. क्षार आतल्या बारीक नळ्यांमध्ये चढतात, किटलीत चढतात तसेच. कूलंट कमी झालं तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घाला. आणि गरम इंजिनवर त्याचं झाकण कधीही उघडू नका. वाफ तोंडावर येते.

तिसरं पान उंदरांचं. हो, उंदीर! चार-पाच दिवस उभी असलेली गाडी, आत ऊबदार बॉनेट आणि कुरतडायला वायरी. गावाकडं हा प्रश्न पंक्चरपेक्षा मोठा आहे. गाडी धान्याच्या पोत्यांजवळ लावू नका, आठवड्यातून एकदा बॉनेट उघडा.

डिझेल का रुसतं?

घर जुळे सोलापूरला, दुकान चाटी गल्लीत, कॉलेज सात रस्त्याला. म्हणजे गाडी दिवसभर चार-चार किलोमीटर पळणार. अशा घरात "मायलेज देतं" म्हणून डिझेल घेतलं, तर काही महिन्यांत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागायची शक्यता असते. डीपीएफचा.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तेव्हापासून डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी तो स्वतःच जाळतो, पण त्यासाठी सायलेन्सरमध्ये भरपूर उष्णता तयार व्हावी लागते. गावातल्या गावात, सिग्नलला थांबत चाललेली गाडी तेवढी तापतच नाही. उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत गाडी चालवायची. दिवा लागल्यावर दुर्लक्ष केलं तर फिल्टर जाम होतो आणि तो बदलायचा खर्च दणका देणारा असतो. आठवड्याला पुणे किंवा हैदराबाद करणाऱ्याला डिझेल शोभतं. नवी पेठ ते विजापूर रोड करणाऱ्याला पेट्रोल बरं.

पेट्रोलचीही एक गंमत आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. ते इथेनॉल बनतं कुठं? आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांमध्येही! पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं खाली येतं. सेकंडहँड गाडी बघत असाल तर ती ई-२० साठी बनलेली आहे का, हे मॅन्युअलमध्ये किंवा इंधनाच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर तपासा.

टायरचा वाढदिवस

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२४ लिहिलं असेल तर तो २०२४ च्या २३ व्या आठवड्यात जन्मला. नवा टायर घेताना आणि जुनी गाडी बघताना हे आकडे वाचाच. कमी पळालेला पण म्हातारा टायर रबर कडक होऊन दगा देतो.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, त्यासाठी पंपवाल्या काकांना विचारायची गरज नाही. इथं एक गैरसमज जिवावर बेततो: "उन्हाळा आहे, हवा थोडी कमी ठेवू." उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकून तापते, आणि १०० च्या वेगात, भर दुपारी, फुटते. लांबच्या प्रवासात टायर तापून दाब वाढलेला दिसला तरी मधेच हवा काढू नका. कंपनीने तो वाढ धरूनच आकडा दिलेला असतो.

एसयूव्ही म्हणजे ट्रॅक्टर नव्हे

जाहिरातीत गाडी चिखल उडवत डोंगर चढते. तुमची चढेलच असं नाही. क्रेटा, सेल्टॉस, डिझेल हॅरियर या आपल्याकडे मिळणाऱ्या गाड्यांमध्ये फक्त पुढच्या दोन चाकांना ताकद मिळते. स्कॉर्पिओ-एनमध्ये फोर बाय फोर आहे, पण डिझेलच्या ठरावीक मॉडेललाच. पाऊस पडून गेल्यावर रानात गाडी घातली की काळी माती चाकाला चिकटते, टायरच्या खाचा भरतात आणि दोन टनाची गाडी जागेवर गरगर चाकं फिरवते. शेवटी ओढायला ट्रॅक्टरच येतो आणि त्याचाही व्हिडिओ कुणीतरी काढतोच.

पाण्याचं तर विचारूच नका. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला आलेला महापूर आपण पाहिलाय. "आपली गाडी उंच आहे, निघते की" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. पाणी हवेच्या वाटेने इंजिनमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि आतला रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट करणं ही सगळ्यात महाग चूक. किल्लीला हात लावू नका, ढकलून बाहेर काढा, टो करा. असं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

रात्रीचा रस्ता

आता थोडं गंभीर. गळीत हंगाम सुरू झाला की मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट, कुठलाही रस्ता घ्या: मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही आणि उसाने काठोकाठ भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. अंधारात ट्रॉली दिसली, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात चाळीस-पन्नास मीटर संपलेले असतात. एसयूव्ही जड असल्याने थांबायला उशीर आणि उंच असल्याने अचानक स्टेअरिंग फिरवलं की उलटायचा धोका जास्त. "आपल्याला एडीएएस आहे" म्हणणाऱ्यांनी मॅन्युअलमधलं ते पान वाचावं. कंपनी स्वतःच सांगते की ही मदत आहे, ड्रायव्हर नाही.

एअरबॅग बेल्टशिवाय वाचवत नाही, उलट इजा करू शकते. मागच्या सीटलाही बेल्ट बंधनकारक आहे, दंड एक हजार रुपये. पुढे लोखंडी बुलबार लावू नका. २०१७ पासून त्यावर बंदी आहे आणि तो एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतो. ८०५५ चं 'बॉस' आणि २१४ चं 'राम' करणाऱ्या पाट्यांचे दिवसही हाय सिक्युरिटी नंबर प्लेटने संपवले. सनरूफमधून अर्धं अंग बाहेर काढून रील करणाऱ्यांना एवढंच विचारते: ब्रेक लागला तर तुम्हाला कोण धरणार?

आणि अकरावी-बारावीतल्या भावा-बहिणींनो, तुम्हाला १८ पूर्ण नसतील तर चावी मागूच नका. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये दोन तरुण जीव गेले, तेव्हा गाडीत १७ वर्षांचा मुलगा होता. त्यानंतर "आमचा मुलगा छान चालवतो" हे वाक्य कौतुकाचं राहिलेलं नाही.

बिल वाचायला शिका

सर्व्हिसिंगला गाडी टाकली की कागद पुढे येतो: इंजिन फ्लशिंग, एसी ट्रीटमेंट, कोटिंग, अमुक क्लिनर. बाबा घाईत असतात, सही होते. आमच्या घरच्या गाडीच्या एका बिलात अशा चार ओळी होत्या. मी मॅन्युअलमधला मेंटेनन्सचा तक्ता उघडला आणि काउंटरवर एवढंच विचारलं, "यातलं या किलोमीटरला कंपनीने काय सांगितलंय?" चारातल्या तीन ओळी खोडल्या गेल्या. भांडण नाही, आवाज नाही. मुलगी गाडीबद्दल काय विचारणार, असा चेहरा करणाऱ्यांनाही मॅन्युअलच्या पानापुढे उत्तर द्यावंच लागतं. म्हणून मुलींनो, हे खातं फक्त भावाकडे सोडू नका.

फाईलमध्ये काय हवं?

- आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या प्रती. मोबाईलवर डिजिलॉकरमध्येही. तिन्हींच्या तारखांचे रिमाइंडर महिनाभर आधीचे.
- प्रत्येक सर्व्हिसचं बिल, किलोमीटरसकट. गाडी विकताना हीच तुमची साक्ष.
- टायर आणि बॅटरी घेतल्याची तारीख, वॉरंटी कार्ड.
- टाकी फुल ते टाकी फुल असं दर महिन्याचं ॲव्हरेज. ते अचानक पडलं तर गाडी काहीतरी सांगतेय.
- हप्त्याचं वेळापत्रक. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा. हे बरेच जण विसरतात आणि गाडी विकताना अडतात.
- एक पान 'खिशातून' खर्चाचं. वर्षाच्या शेवटी बेरीज करून घरात सगळ्यांसमोर वाचायचं.

ती बेरीज ऐकून कदाचित घरात ठरेल की पुढची गाडी थोडी छोटी घेऊ. किंवा ठरेल की नाही, आजीला पंढरपूरला नेताना मागे आरामात झोपता येतं, त्यापुढे हा खर्च काहीच नाही. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. फक्त ती स्टेटस बघून नाही, आकडा बघून आलेली असावीत.

तर या रविवारी रील नंतर करा. आधी ग्लोव्ह बॉक्स उघडा, मॅन्युअलचं प्लॅस्टिक फाडा आणि एक फाईल आणा. पंचवीस-तीस रुपयांना मिळते. गाडीचा एक किलोमीटरही साधारण तेवढ्यालाच पडतो!